गिरगाव ते हिंगणे

दादरच्या शिवाजी पार्कवर संध्याकाळी मुलांची गर्दी उसळते. एका बाजूस क्रिकेटचा डाव रंगलेला असतो, तर दुसऱ्या बाजूस मल्लखांबावरील कसरती चाललेल्या असतात. मैदानाभोवती दाट वस्ती आहे, शाळा आहेत, वाचनालये आहेत. परंतु १८९१ साली यांपैकी काहीच नव्हते. हे मैदान आखले गेले ते १९२५ च्या सुमारास. तत्पूर्वी दादर-माहीमच्या या भागात भातशेते, नारळीची झाडे आणि दलदलीची जमीन पसरलेली होती. त्या काळी मराठी माणसांची मुंबई म्हणजे प्रामुख्याने गिरगाव. अरुंद गल्ल्या, लाकडी जिन्यांच्या चाळी, घोड्यांनी ओढलेल्या ट्रामगाड्या आणि रात्री मिणमिणणारे गॅसचे दिवे, असे त्या गिरगावचे रूप होते.

याच गिरगावात १८९१ साली एक तेहतीस वर्षांचा शिक्षक मोठ्या विचारात पडला होता. पुण्याहून त्याला एका मित्राचे बोलावणे आले होते. मुंबईतील शिक्षकाचे काम सोडून पुण्याच्या महाविद्यालयात गणित शिकवण्यास यावे, असे ते बोलावणे होते. जावे की राहावे? प्रश्न तीन शब्दांचा होता. पण त्यावर पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरणार होती. हा शिक्षक म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब किंवा महर्षी कर्वे म्हणून ओळखू लागला.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. कर्व्यांचे मूळ गाव मुरूड. दापोली तालुक्यातील हे लहानसे गाव समुद्रकाठी, नारळी-पोफळींच्या सावलीत वसलेले आहे. घराण्याने पूर्वी चांगले दिवस पाहिले होते; परंतु धोंडूच्या वाट्याला आले ते काटकसरीचे दिवस. वडील केशवपंत नोकरी करून मोठ्या कष्टाने संसार चालवीत. घरात पैसा बेताचाच असला, तरी मिंधेपणा पत्करायचा नाही, हे वळण मात्र पक्के होते.

मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे एक शिक्षक होते. मुलांना पुस्तकातील धडे देऊन ते थांबत नसत. गावच्या भल्यासाठी चार माणसांनी एकत्र येऊन काही करावे, ही दृष्टी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. त्यांच्याच प्रेरणेने लहानगा धोंडू देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. एक चांगला शिक्षक गावाला काय देऊ शकतो, हे त्याने असे लहानपणीच पाहिले.

त्या काळी मराठी सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलास खेड्यातील शाळेत शिक्षकाची नोकरी मिळू शकत असे. गरीब घरातील हुशार मुलाला ही मोठीच संधी वाटे. धोंडूनेही या परीक्षेला बसण्याचे ठरवले. परीक्षेचे ठिकाण होते सातारा. मुरूडहून साताऱ्यास जाण्यास तेव्हा सोयीचे वाहन नव्हते. दिवस पावसाळी होते. तरीही धोंडू आणि त्याचे सोबती आपापली गाठोडी पाठीशी बांधून पायीच निघाले. वाटेत ओढे-नाले भरलेले, घाट चढणीचा, पायवाट निसरडी. शंभर मैलांहून अधिक अंतर तोडून ही मुले अखेर साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेस बसणाऱ्याला सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत, असा नियम होता. धोंडूचे वय नियमात बसत होते आणि तसा दाखलाही त्याच्याजवळ होता. परंतु अंगाने तो किरकोळ आणि दिसण्यात अगदीच लहान. हा मुलगा सतरा वर्षांचा असेल, यावर परीक्षा-समितीच्या प्रमुखांचा विश्वासच बसेना. त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट करून आलेल्या मुलाला प्रश्नपत्रिकाही न पाहता परतावे लागले. शिक्षक होण्यासाठी त्याने टाकलेले पहिले पाऊल असे उंबरठ्यावरच अडले.

धोंडूने हाय खाल्ली नाही. पुढच्या वर्षी त्याने ती परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. आता खेड्यातील शिक्षकाची नोकरी मिळवून घराला हातभार लावावा, की इंग्रजी शिकून आणखी पुढे जावे, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. वय वाढत होते, लग्नही झालेले होते. बरोबरीची मुले मिळवती होत होती. इंग्रजीचा आरंभ करायचा म्हणजे आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसावयाचे. हे सर्व पाहूनही त्याने शिकण्याची वाट धरली. मुरूड, रत्नागिरी आणि मग मुंबई असे टप्पे घेत १८८१ साली तो मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या वेळी त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. शिकवण्या करून शिकत धोंडोपंत १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. त्यांचा आवडता विषय होता गणित.

पदवीधर माणसाला त्या काळी सरकारी कचेरीत मानाची नोकरी मिळू शकत असे. अधिकार, बढती आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन हे सारे त्या वाटेवर होते. धोंडोपंतांनी मात्र शिक्षकाचे काम पत्करले. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांनी शिकवले. मुलींच्या कॅथीड्रल आणि अलेक्झांड्रा या शाळांतही गणित शिकवले. त्याखेरीज खाजगी शिकवण्या होत्याच. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत आणि तेथून विद्यार्थ्यांच्या घरी, अशी त्यांची दिवसभर पायपीट चाले. मिळकतीतील रुपयामागे ठरावीक अंश ते परोपकारासाठी बाजूला काढीत. मुरूड गावाच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी गावच्या लोकांना बरोबर घेऊन 'मुरूड फंड' नावाची संस्थाही उभी केली.

मुंबईतील या दिवसांनी त्यांना एक गोष्ट शिकवली. ज्या मुलींना शाळेत जाण्याची मोकळीक होती, त्या गणितात मुलांच्या मागे नव्हत्या. याउलट आपल्या भोवतालच्या मराठी घरांत बहुतेक मुलींच्या हाती पाटीसुद्धा येत नव्हती. त्यांची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत आणि दुर्दैवाने पती वारला, तर त्या अजाण मुलीचे सारे आयुष्य घराच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात जाई. धोंडोपंतांबरोबर गिरगावात त्यांचे मित्र नरहरपंत जोशी राहत असत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झालेली होती. भावाने तिला शिकण्यासाठी मुंबईस आणले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' ही शाळा काढली, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच होय. शिक्षणाने एका दुःखी मुलीच्या चेहऱ्यावर उमेद कशी येते, हे धोंडोपंतांनी जवळून पाहिले.

अशा वेळी पुण्याचे बोलावणे आले. ते धाडणारे होते गोपाळ कृष्ण गोखले, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील त्यांचे सहाध्यायी. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले होते. १८९० साली टिळकांनी ही संस्था सोडली आणि गणिताच्या प्राध्यापकाची जागा मोकळी झाली. ती धोंडोपंतांनी घ्यावी, असे गोखल्यांना वाटत होते.

हा निर्णय सोपा नव्हता. मुंबईत त्यांचा जम बसला होता. विद्यार्थी ओळखीचे होते आणि शिकवण्या वाढवल्या तर मिळकतही वाढणार होती. उलट पुण्याच्या संस्थेत आजीव सदस्य म्हणून जाणाऱ्याने वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावे लागे आणि वेतन मिळे दरमहा ७५ रुपये. त्यात वाढीची आशा धरण्यासारखे काही नव्हते. गावाकडच्या माणसांचा भार होता, मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता आणि पत्नी राधाबाई आजारी होत्या. त्यातच स्वभाव भिडस्त. शाळेतील मुलांना शिकवणे वेगळे आणि महाविद्यालयातील तरुणांपुढे उभे राहणे वेगळे. तेही टिळकांसारख्या गणिताच्या नामवंत प्राध्यापकाच्या जागी! हे आपल्याला पेलेल काय, ही शंका त्यांच्या मनाला बोचत होती.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूस पैशाचे वजन नव्हते. पण ती बाजूही हलकी नव्हती. पुण्याची ती संस्था कोणा एका धनिकाची नव्हती. स्वार्थ बाजूला ठेवून देशासाठी शिक्षण देण्याचे व्रत घेतलेल्या तरुणांनी ती उभारली होती. मुंबईत धोंडोपंत शिकवण्या करून पोट भरणारे एक शिक्षक होते. पुण्यात ते एका मोठ्या कार्याचे भागीदार होणार होते. शिवाय शिकवण्यांच्या धावपळीत जे साधत नव्हते, ते समाजाचे काम करण्यास तेथे सोबती मिळणार होते. अखेर त्यांनी पुण्यास जाण्याचे ठरवले.

त्याच वर्षी राधाबाईंचे निधन झाले. गरिबीच्या दिवसांत साथ देणारी पत्नी, चांगले दिवस येण्याच्या आतच निघून गेली. पोरका मुलगा आणि जड झालेले मन घेऊन १८९१ च्या नोव्हेंबरात धोंडोपंतांनी फर्ग्युसन महाविद्यालयात काम सुरू केले. मनातील शंका पहिल्या दिवशी नाहीशी झाली असेल असे नाही. परंतु नित्य तयारी करून, न चुकता, शांतपणे शिकवण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला आणि तो पुढे वीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

१८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विधवेशी विवाह करणे हा त्या काळी मोठा अपराध समजला जाई. ज्या मुरूडसाठी धोंडोपंतांनी फंड उभारला, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. वृद्ध आईला याचा ताप झाला, हे दुःख त्यांना अधिक होते. तरी त्यांनी गावावर राग धरला नाही. आपण एकट्याने विवाह करून फारसे साधणार नाही. विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९६ साली त्यांनी 'अनाथ बालिकाश्रम' ही संस्था स्थापन केली. पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा आश्रम शहराबाहेर हिंगणे या खेड्याजवळ नेण्यात आला. गोखले नावाच्या एका उदार गृहस्थांनी त्यासाठी जमीन दिली आणि १९०० साली त्या माळावर एक झोपडी उभी राहिली.

आता अण्णासाहेबांचे दोन वर्ग झाले. दिवसा फर्ग्युसनमध्ये तरुणांचा वर्ग आणि कॉलेज सुटल्यावर हिंगण्याच्या झोपडीत मुलींचा वर्ग. दोहोंमध्ये मैलोगणती अंतर आणि तेही कच्च्या रस्त्याचे. पावसाळ्यात चिखलातून पाय ओढीत, आश्रमाला लागणारे सामान कधी स्वतःच्याच पाठीवर घेऊन, ते ही वाट चालत. साताऱ्याच्या वाटेवर चाललेली ती पावले आता अशी रोजच चालत होती.

या कामाचे मोल त्यांच्या घरानेही दिले. अण्णासाहेबांच्या वेतनातील पैसा आश्रमाकडे वळे आणि संसाराला ओढाताण होई. गोदूबाई, म्हणजे आता आनंदीबाई, खंबीर होत्या. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले आणि स्वतः मिळवून मुलांना वाढवले. कोणत्याही मोठ्या माणसाच्या चरित्रात अशी काही माणसे मागे उभी असतात. त्यांचे ऋण विसरता कामा नये. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ही देखील विधवा होती. ती आश्रमात शिकली आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणारी खंदी कार्यकर्ती झाली.

१९१४ साली अण्णासाहेब फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. दिलेले वचन केव्हाच पूर्ण झाले होते. वय छप्पन्न होते. या वयात माणसे विश्रांती घेतात. अण्णासाहेबांनी मात्र प्राध्यापकाची खुर्ची सोडली ती आणखी मोठे ओझे उचलण्यासाठी. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तसे विद्यापीठ आपल्या देशात का असू नये, असा विचार त्यांनी केला. मुलींना त्यांच्या मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावे आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवावा, अशी त्यांची योजना होती. पुष्कळांना हे स्वप्न वाटले. अशा पदवीला सरकार मानील काय, पालक मुलींना पाठवतील काय, आणि पैसा कोठून येणार, हे प्रश्न रास्त होते. अण्णासाहेबांजवळ त्यांची तयार उत्तरे नव्हती. त्यांच्याजवळ होती ती चिकाटी.

१९१६ साली भारतातील हे पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्गातील विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वर्गणीसाठी अण्णासाहेब दारोदार हिंडले. कोणी भरघोस दिले, कोणी चार आणे दिले; त्यांनी दोघांचेही आभार सारखेच मानले. १९२० साली मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. सत्तरी उलटल्यावर अण्णासाहेब आपल्या संस्थेची माहिती सांगण्यासाठी युरोप, अमेरिका आणि जपान या देशांत फिरून आले. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस हलले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईचा निरोप घेऊन गेलेला शिक्षक जणू आपले विद्यापीठ घेऊन मुंबईस परत आला.

याच सुमारास अण्णासाहेबांनी आणखी एक काम हाती घेतले. जेथे शाळाच नाही, अशा लहान खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी एक मंडळ स्थापन केले. वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पण हा वृद्ध शिक्षक खेड्यांतील शाळांसाठी पुन्हा पायी हिंडून वर्गणी गोळा करू लागला. कित्येक वर्षांपूर्वी एक मुलगा खेड्यातील शाळेचा शिक्षक व्हावे म्हणून मुरूडहून साताऱ्यास चालत गेला होता आणि त्याला परत पाठवण्यात आले होते. ती नोकरी त्याला मिळाली नाही, पण खेड्यातील शाळेला तो विसरला नाही.

१९५८ साली, अण्णासाहेबांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली, त्या वर्षी भारत सरकारने त्यांना 'भारतरत्न' हा सर्वोच्च सन्मान दिला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

अण्णासाहेबांनी आयुष्यात तीन वेळा शिक्षकाच्या कामाविषयी निर्णय घेतला. सरकारी नोकरीची वाट बाजूला ठेवून त्यांनी हे काम पत्करले. मुंबईची मिळकत सोडून ते पुण्यास गेले. आणि प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर ते विद्यापीठाच्या कामास लागले. तिन्ही वेळा त्यांनी घाई केली नाही. आपली शक्ती, घरची अडचण आणि समाजाची गरज यांचा त्यांनी नीट विचार केला, आणि एकदा पाऊल टाकल्यावर मागे पाहिले नाही. आपल्या निवडीमुळे दुसऱ्यांनाही कष्ट सोसावे लागतात, हे त्यांनी जवळून अनुभवले. म्हणूनच हाती घेतलेले काम त्यांनी कधी अर्धवट टाकले नाही. शाळा बदलली, गाव बदलले, पद बदलले. पण शिकवणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

हिंगण्याच्या त्या ओसाड माळाला आज कर्वेनगर म्हणतात आणि तेथे हजारो मुली शिकतात. मुंबईत चर्चगेटकडून गिरगावच्या बाजूस एक मोठा रस्ता जातो. ज्या गिरगावातून तो तरुण शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पायी जात असे, त्याच गिरगावाजवळून जाणाऱ्या या रस्त्याचे नाव आहे महर्षी कर्वे मार्ग.